कोठीचं बटण

१

बाबूजींना अंधाराची भीती वाटायला लागली आहे, असं आईने मागच्या खेपेला सांगितलं तेव्हा मी हसले. वाईट हसले. आई परत पोळी लाटायला लागली.

माझे वडील उदाराम पटले, तीस वर्षं राईस मिलमध्ये फोरमन होते. त्यांचा आवाज मशीनच्या वर चढायचा. घरातही ते त्याच आवाजात बोलायचे. मोरीतला बल्ब चालू राहिला की कान पिरगाळला जायचा, व्हरांड्यातला राहिला की पाठीत धपाटा बसायचा. आता त्यांना बहात्तरावं लागलंय. काचबिंदूने नजर कडेकडेने खाल्ली आहे. ऊन उतरलं की हा माणूस भिंत चाचपत बटण शोधतो आणि नाही सापडलं तर जागच्या जागी उभा राहून आईला हाका मारतो. कुणालाही कीव आली असती. मला नाही आली.

तरी मी नागपूरहून आठ दिवसांची रजा टाकून आले. लॅबमधल्या मैत्रिणी म्हणाल्या, किती करतेस गं आईवडिलांचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबूजींना घेऊन गोंदियाच्या बाजारात गेले. दुकानदार उमेंद्र ओळखीचा होता. त्याने काउंटरवर दोन बटणं ठेवली.

"दीदी, इंडिकेटरवाले दोन किसमचे येतात. हे पहा, हे चालू केलं की याची बत्ती जळते. म्हणजे आत लाइट चालू आहे ते बाहेरून कळते. अन् हे दुसरं उलटं. बंद असताना जळते, म्हणजे अंधारात बटण कुठी आहे ते दिसते."

बाबूजींनी दुसऱ्या बटणावर अंगठा फिरवला. दुकानातल्या बोर्डावर ते लावलेलं होतं. हरभऱ्याच्या दाण्याएवढा नारिंगी ठिपका. त्यांनी तोंड इतकं जवळ नेलं की तो ठिपका त्यांच्या गालावर पडला.

"हे पाहिजे," ते म्हणाले. "सगळ्या खोल्याइले. अन् कोठीले बी."

"कोठीत कोण जाते आता?" मी विचारलं.

"लाव ना, रेणू." त्यांनी माझं मनगट धरलं. हात मऊ होता, म्हाताऱ्या माणसाचा. मी तो झटकला. उमेंद्रने ते पाहिलं आणि डबे आवरायला लागला.

२

आमचं घर फुलचूरला आहे. समोर व्हरांडा, मग बैठक, मग स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराच्या मागे कोठी. पूर्वी तिच्यात वर्षाचं धान असायचं. खिडकी नाही. भर दुपारीही दार लावलं की आत स्वतःचा हात दिसत नाही. कडी बाहेरून, आणि बटणही बाहेर, दाराच्या चौकटीला लागून. ते बाबूजींनीच तिथे लावून घेतलं होतं, म्हणजे आतला बल्ब बाहेरच्याच्या हातात राहील.

वायरिंगचं काम राजदीपला दिलं. पंचविशीचा, शांत आणि हाताने साफ. एका दिवसात त्याने घरातली सगळी जुनी काळी बटणं काढून नवी पांढरी बसवली. शेवटी कोठी राहिली.

"ताई, आतला होल्डर गंजला आहे. बल्ब बसत नाही त्याच्यात."

"राहू दे. तिथं बल्ब नकोच."

"मग हे इंडिकेटर जळणार नाही. त्याले थेंबभर करंट लागते, अन् ते बल्बातून फिरून येते. बल्ब नाही म्हणजे रस्ता तुटला."

"नाही जळलं तर नाही जळलं. म्हाताऱ्याला हौस आहे म्हणून लाव."

त्याने लावलं. मेन चालू केला. व्हरांड्यातला, बैठकीतला, स्वयंपाकघरातला, मोरीतला, एकेक ठिपका उमटत गेला. बाबूजी खुर्चीत बसून टाळ्या वाजवायचे बाकी होते. राजदीपने सामान आवरलं आणि सायकलला पिशवी अडकवून गेला.

मी चहा ओतला, मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसले. कप तोंडाला लावताना कोठीच्या दाराकडे नजर गेली.

तिथलाही ठिपका जळत होता.

३

मी लॅबमध्ये काम करते. माझ्या हातात रोज मशीनचे चुकीचे आकडे येतात आणि रोज मी त्यांचं कारण शोधते. कारण असतंच. म्हणून मी घाबरले नाही, चिडले. एक काम धड होत नाही म्हणून राजदीपला फोन करून अर्ध्या वाटेवरून परत बोलावलं.

त्याने बटण उघडलं, टेस्टर लावला, परत बंद केलं. मान हलवली.

"ओल असेल," मी म्हणाले.

"एप्रिलात?"

"मग उंदराने वायर खाल्ली असेल."

"पाहतो." त्याने कडी काढली, मोबाईलचा उजेड केला आणि आत गेला. मी बाहेर उभी राहिले. मला आत जायचं नव्हतं. सव्वीस वर्षांत मी त्या दाराच्या आत पाऊल टाकलेलं नाही.

तो पटकन बाहेर आला. कडी लावली. मग कडी नीट लागली का ते परत पाहिलं.

"काय झालं?"

"काही नाही ताई. वायर चांगली आहे." त्याने कपाळ पुसलं. "होल्डरच्या खाली तेलाचा डबा कोणी पालथा घालून ठेवला?"

"कसला डबा?"

"मोठा, टिनाचा. उभं राहायले ठेवतात तसा. सगळ्या कोठीत ही एवढी धूळ आहे. त्या डब्यावर नाही. अन् होल्डरच्या कडेले बी नाही. कोणी रोज हात लावते तशी घासली आहे ती."

मी आवाज चढवला.

"कनेक्शन काढून टाक त्याचं. आत्ताच्या आत्ता."

"ते मी नाही काढत. दुसऱ्या कोणाले बोलवा." तो माझ्याकडे न बघता पिशवीची चेन लावत होता. "अन् ताई, एक ऐका. हे बटण दाबू नका. बंद आहे तोवर थेंबभर करंट जाऊन राहिलं तिथून. त्याने काही होत नाही. दाबलं तर पुरं जाईल."

"कशातून जाईल? तिथं बल्ब नाही म्हणालास ना?"

"तेच तर म्हणून राहिलो मी," राजदीप म्हणाला. "रस्ता कोणीतरी पुरा करून राहिलं ना."

चहा न घेताच तो गेला.

४

तो डबा मला माहीत होता.

मी आठ वर्षांची होते. शाळेला सुट्टी होती. मी मोरीतला बल्ब चालू ठेवून खेळायला गेले आणि बाबूजी जेवायला घरी आले. त्यांनी मला दंडाला धरून कोठीत नेलं, ढकललं, कडी लावली आणि बाहेरून बटण बंद केलं. "बल्ब जाळायचा शौक आहे ना तुले? राह्य आता बिनाबल्बची." मग आईला म्हणाले, "मी आल्याबिगर उघडशील तर पाय तोडीन, याद ठेव." आणि मिलमध्ये निघून गेले.

दुपारचे दोन वाजले असतील. त्या दिवशी मिलमध्ये काहीतरी बिघडलं आणि ते रात्री अकराला घरी आले.

आत मी काय केलं ते मला आठवतं. चाचपत चाचपत तेलाचा डबा शोधला, पालथा घातला, त्यावर चढले आणि वर हात करून बल्ब धरला. तो नुकताच विझला होता, गरम होता. हात भाजत होता तरी मी धरून ठेवला, कारण त्या काळोखात तेवढी एकच गोष्ट होती जिला काही वेळापूर्वी उजेड होता. तो हळूहळू गार होत गेला. पार गार झाल्यावरही मी सोडला नाही.

कडी कधी उघडली, मला कुणी बाहेर काढलं, हे मला आठवत नाही. कितीही आठवलं तरी नाही. त्यानंतरचं जे आठवतं ते थेट शाळेतलं आहे. सगळे म्हणायचे, रेणू किती शहाणी झाली, आता आवाज म्हणून नाही तिचा.

त्या संध्याकाळी जेवताना मी बाबूजींना विचारलं, "कोठीत मला कोंडलं होतं ते आठवतं का तुम्हाला?"

ते घास घेता घेता थांबले. "कोणाले?"

"मला. नऊ तास."

"मी? तुले? कोठीत?" त्यांनी आईकडे पाहिलं, मग ताटाकडे. "काही बी बोलते ही. मी कायले कोंडू माझ्या पोरीले?"

"आई, सांग त्यांना."

"जाऊ दे ना रेणू," आई म्हणाली. "वरण घे."

मी ताट भिरकावलं. ते भिंतीवर आदळलं, वरण सगळीकडे उडालं. बाबूजींनी दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि अंग चोरून बसले. ज्या माणसाला मी सव्वीस वर्षं मनात उभं करून जाब विचारत होते, तो माणूस तिथे नव्हताच. त्याच्या जागी हा कुणीतरी थरथरणारा म्हातारा होता, ज्याला काही आठवत नव्हतं. माझा राग मी कुणाला देऊ? मला वाटलं, हीही त्याचीच शिक्षा आहे.

५

सकाळी उठले आणि सरळ मेन खाली केला. घरातले सगळे ठिपके गेले, कोठीचाही. बरं वाटलं. म्हटलं, आज दुसरा वायरमन शोधून ती तार मुळापासून तोडायची.

पंखे थांबले तशी घरात शांतता पसरली. आणि त्या शांततेत मला ऐकू आलं.

ते रडणं नव्हतं. रडून रडून थकलेलं लेकरू जसे हुंदके देतं, मध्ये मोठी फट सोडून, तसं काहीतरी होतं. कोठीच्या दाराआडून. मी शेजारच्या घराकडे कान दिला. शामकलाबाईंकडे लहान मूल नाही. मांजर असेल, मी स्वतःला सांगितलं. मांजर आत अडकलं असेल, डब्यावर तेच बसत असेल. उंच सुरात सांगितलं, जणू कुणी मला खोटं पाडत होतं. पण दार काही उघडलं नाही.

मेन वर केला. ठिपका जळला. हुंदके थांबले.

परत खाली केला. सुरू झाले.

वर केला आणि तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले. तेवढ्यात आई आली. तिच्या हातात स्टीलचा पेला होता, पाण्याने भरलेला. माझ्याकडे न बघता ती गुडघ्यांना हात देत खाली बसली, कोठीच्या उंबरठ्याशी पेला ठेवला आणि उठली. सवयीने केल्यासारखं.

"हे काय करून राहिली तू?"

ती परत जायला वळली.

"आई. हे पाणी कोणाला?"

"तहान लागत असेल," आई म्हणाली. "रोज ठेवतो मी. संध्याकाळी पाहतो तर पेला रिकामा राहते."

"केव्हापासून?"

तिने पदराने हात पुसले. पुसतच राहिली. "तू लहान होती तेव्हापासून. तू भाईर आली, अंगणात खेळून राहिली, अन् तरी आतून आवाज येतच राहिला. मले वाटलं माझ्याच डोक्यात काही झालं. तुह्या बाबूजीले सांगायची हिंमत नाही झाली."

माझे कान तापले. "म्हणजे सव्वीस वर्षं तू इथं पाणी ठेवते."

"हो."

"पाणी ठेवते! आणि कडी नाही काढत?"

"त्याइनं नको म्हटलं होतं ना," आई म्हणाली.

मी तिला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिच्या अंगावर मी कधी हात टाकला नव्हता आणि त्या दिवशीही टाकला नाही, पण माझा हात वर गेला होता हे तिने पाहिलं. ती मागे सरली नाही. नुसती उभी राहिली, जशी त्यांच्यासमोर उभी राहायची.

६

वायरमन मिळाला नाही. ज्यांना ज्यांना फोन केला त्यांनी उद्या म्हटलं. दुपारी ऊन इतकं चढलं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. आई बैठकीत आडवी झाली. मी मोरीत तोंडावर पाणी मारत होते.

आणि मला तो आवाज ऐकू आला.

बाबूजींचा जुना आवाज. मशीनच्या वरचा. सव्वीस वर्षांत काना-मात्राही न बदललेला.

"आवाज बंद! एकदम बंद!"

माझ्या हातातला तांब्या पडला. मी, चौतीस वर्षांची बाई, मोरीच्या कोपऱ्यात अंग चोरून उभी राहिले. मग लक्षात आलं की ते माझ्याशी बोलत नाहीत.

मी स्वयंपाकघराच्या भिंतीआडून पाहिलं. बाबूजी बनियान आणि लुंगीवर कोठीच्या दारासमोर उभे होते. पाठ ताठ. मान ताठ.

"अजून रडशील? बल्ब पाहिजे तुले? राह्य आत. उद्या सकाळी पाहीन."

दाराच्या आतून टकटक झाली. तीनदा. खालून, माझ्या कमरेच्याही खालून.

"ठोकू नको! हात तोडीन!"

माझ्या डोळ्यांपुढे सगळं लाल झालं. म्हणजे यांना आठवत होतं. काल ताटावर बसून "कोणाले?" म्हणणारा, डोक्यावर हात घेऊन थरथरणारा हा माणूस माझ्यापुढे म्हातारा होत होता आणि या दारापुढे येऊन तोच उदाराम पटले होत होता. रोज! मी नागपूरला झोपेच्या गोळ्या घेत होते आणि हा इथे अजून तिला कोंडत होता.

मी धावले. त्यांनी वळून पाहिलं. चेहरा एका क्षणात ढासळला, पुन्हा तोच म्हातारा. "रेणू? तू अथी? मग आत..."

"तुम्हीच पाहा," मी म्हणाले.

कडी काढली, दार ओढलं आणि त्यांना दोन्ही हातांनी आत ढकललं. ते इतके हलके होते की मला जोर लावावाच लागला नाही. कडी लावली.

७

आधी ते ओरडले. मग दारावर थापा मारू लागले. मग आवाज आतल्या बाजूला गेला. काहीतरी पडलं. पोत्यांवर धडपडत असावेत.

"रेणू! लाइट लाव! मले काही दिसून नाही राहिलं! बटण दाब रेणू!"

बटण माझ्यासमोरच होतं. ठिपका जळत होता. मी बोट त्यावर ठेवलं, ठिपका नखाखाली गेला आणि नख आतून नारिंगी दिसायला लागलं.

दाबलं तर पुरं जाईल, राजदीप म्हणाला होता.

"दाब ना माय! मी पाया पडतो तुह्या!"

आत ते हात वर करून चाचपत असतील, तो गंजका होल्डर शोधत असतील. आणि तिथे आधीच कुणाचा तरी हात असेल. मला हे दिसत होतं. दोघंही. एक बोट दाबायचं होतं फक्त. मी खोटं नाही सांगत, मला ते दाबायचं होतं. उजेड देण्यासाठी नाही. माझं बोट कापत नव्हतं. किती वेळ मी तशी उभी होते, मला माहीत नाही. ते रडत होते, आई बैठकीतून "काय झालं? काय झालं बाई?" विचारत होती आणि मी भिंतीला चिकटून दात आवळून उभी होते.

मग नखाखालचा नारिंगी रंग गेला.

मी बोट काढलं. बटण तसंच होतं, न दाबलेलं. समोर स्वयंपाकघरातला ठिपका जळत होता, पंखा फिरत होता. फक्त हाच विझला होता. आत तिथून कुणीतरी हात काढून घेतला होता.

टिनाच्या डब्याचा आवाज आला. कुणी त्यावरून उतरावं तसा, ढब्ब.

बाबूजींचं रडणं थांबलं. इतकं अचानक थांबलं की मी दाराला कान लावला. मग त्यांचा आवाज आला. हा आवाज मी कधीच ऐकला नव्हता. जुना नाही, नवाही नाही. हळू होता, आणि तोंड खाली करून कुणाशी बोलावं तसा.

"ये. ये अथी. माह्याजवळ बस. भेऊ नको. मी बी भेतो."

मला आठवतं, मी मोठ्याने म्हणाले, "नाही." ते मी कुणाला म्हणाले, सांगता येत नाही.

मी कडी काढली. दार पूर्ण उघडलं. दुपारचा उजेड मागच्या अंगणातून माझ्या खांद्यावरून आत गेला आणि जमिनीवर लांबट पडला. बाबूजी पोत्याला टेकून बसले होते, पाय पसरून. त्यांच्या बनियानचा डावा खांदा ओला होता, पार छातीपर्यंत. डावा हात वाकवलेला होता, कुणाला कुशीत घेतल्यासारखा. कुशीत कुणी नव्हतं.

"बाबूजी, उठा," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अधू नजरेच्या माणसाला उजेडातली आकृती दिसते तेवढंच त्यांना दिसलं असेल. दारात उभी असलेली, कडी धरलेली. त्यांनी अंग चोरलं. आणि मग डावा हात मागे नेऊन त्यांनी काहीतरी पाठीशी घातलं, माझ्यापासून लपवत.

"हिले काही करू नको," ते म्हणाले. "मले कर काय करायचं ते. हिले नको."

त्यांच्या कोपराजवळ बनियानचा काठ ताणला गेला होता. मागून कुणीतरी मुठीत धरल्यासारखा. मी तिकडे पाहिलं. चार बोटं होती, लहान. नखांत मळ. टोकांवर गोल गोल फोड आले होते, भाजल्यावर येतात तसे.

माझ्या पायाशी पाण्याचा पेला लवंडला आणि उंबरठ्यावरून आत वाहत गेला. बोटं मागे सरकली.

८

मी त्याच दुपारी बॅग भरली. दार माझ्यामागे उघडंच राहिलं, ते कुणी लावलं की नाही, मला माहीत नाही. आई व्हरांड्यात उभी राहून "जेवून तर जा" म्हणत होती. मी स्टेशनवर आले आणि जी पहिली गाडी मिळाली तिच्यात बसले.

आता दोन महिने झाले. मला भीती वाटत नाही. लोकांना वाटतं, अशा गोष्टीनंतर माणूस भीतीने झोपत नाही. मी रागाने झोपत नाही. कडी मी काढली. सव्वीस वर्षांत आतल्या पोरीसाठी कुणी काढली नव्हती ती मी काढली. आणि तीच पोर माझ्याकडे आली नाही. ज्याने कोंडलं त्याच्या पाठीमागे जाऊन लपली, त्याच्या खांद्यावर रडली, त्याला धरून बसली. त्याच्या एका वाक्यावर तिने त्याला सगळं माफ केलं. मी केलं नव्हतं. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

परवा आईचा फोन आला. तिचा आवाज मोकळा वाटत होता, लग्नाआधीच्या फोटोत ती दिसते तसा. बाबूजी बरे आहेत म्हणाली. अंधाराला भीत नाहीत आता. संध्याकाळी पायी चौकापर्यंत जातात. एक हात खाली सोडून, हळूहळू, छोटी पावलं टाकत. रस्ता ओलांडताना थांबतात, खाली बघतात आणि मग निघतात.

"मी येते रविवारी," मी म्हणाले.

तिकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आई? येते म्हटलं."

"काही दिवस नको येऊ, बाई," ती म्हणाली. एखाद्या परक्या बाईला समजावून सांगावं तशी. "आत्ताच तर हसायले लागली. तुह्या नावानं भेते ती. काल विचारून राहिली होती, ती कडीवाली बाई परत येईल का म्हणून."

"कोण? कोण विचारत होतं?"

"रेणू," आई म्हणाली.

"रेणू मी आहे!"

मी ओरडले. भिंतीपलीकडचा शेजारी गप्प झाला इतकी ओरडले. तिकडे आईने फोन कानापासून दूर नेला असावा, कारण मला तिथलं घर ऐकू यायला लागलं. पंखा, चमचा, बाबूजींचं खाकरणं. आणि कुणीतरी लहान पावलांनी धावत आत पळालं, आणि एक दार आतून लागलं.